पिक्सेलच्या जाळीवर तिरकी रेषा कशी मोजायची

आडवी रेषा असली की पिक्सेल मोजायचे, आकडा लिहायचा, संपलं. उभीचंही तसंच. हीच सवय तिरक्या रेषेला लावली की हिशेब फसतो. १०० पिक्सेल आडवी आणि १०० पिक्सेल उभी सरकणारी रेषा घ्या. तिच्यातले रंगवलेले पिक्सेल मोजले तर १०१ भरतात, उजवीकडे-वर-उजवीकडे-वर अशा पायऱ्या मोजल्या तर २००, आणि सरळ अंतर असतं १४१.४२. यातला एकही आकडा खोटा नाही. प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि नवशिक्यांच्या बहुतेक चुका इथेच होतात: प्रश्न एक, उत्तर दुसऱ्याचं.

या लेखात सगळीकडे एकच रेषा उदाहरणाला घेतली आहे. तिचं एक टोक (१२, ४०) या पिक्सेलवर, दुसरं (८४, १०) वर. कागदावर किंवा चित्रकलेच्या कोणत्याही प्रोग्रॅममध्ये ती काढून सोबत ठेवा, आकडे ताडून बघता येतील.

आधी ठरवा: मोजायचं काय?

सर्वसाधारणपणे चारपैकी एक गोष्ट हवी असते.

पहिली, रेषेत किती पिक्सेल रंगले. हे पिक्सेल आर्ट, एलईडी पॅनेल किंवा भरतकामाच्या नमुन्यासाठी लागतं. दुसरी, टोकाच्या एका पिक्सेलच्या केंद्रापासून दुसऱ्याच्या केंद्रापर्यंतचं अंतर. ‘लांबी’ म्हणताना बहुतेकांना हेच अपेक्षित असतं. तिसरी, बाहेरच्या कोपऱ्यापासून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंतचा विस्तार, म्हणजे रेषा किती जागा अडवते ते. चौथी, मिलिमीटर किंवा इंचातली खरी लांबी.

आपल्या रेषेचे पहिले तीन आकडे असे येतात: पिक्सेल ७३, केंद्र ते केंद्र ७८, बाहेरून बाहेर ७९.३१. ते कसे आले हे पुढे कळेलच. तूर्त इतकंच ध्यानात घ्या की एकाच रेषेची तीन मापं आहेत, आणि कोणतं माप दिलंय हे न लिहिता नुसता आकडा पुढे पाठवला तर समोरचा त्याला हवं ते गृहीत धरणार.

पायरी १: चित्र मोजण्यालायक आहे का ते बघा

मूळ फाइल उघडा. मेसेजिंग ॲपमधून आलेली, लहान केलेली, पुन्हा सेव्ह केलेली प्रत नको. आकार बदलताना प्रोग्रॅम शेजारच्या पिक्सेलची सरासरी काढतो आणि टोकं पसरतात. जेपीईजीमध्ये तर फाइल लहान करायला चित्र ८ × ८ पिक्सेलच्या ठोकळ्यांत दाबलं जातं, त्यामुळे काळ्या रेषेभोवती करडी धूळ जमते आणि रेषा नक्की कुठे संपली ते सांगता येत नाही. पीएनजी किंवा टिफ मिळत असेल तर तीच घ्या.

झूम ४००, ८०० असा पूर्ण पटीत ठेवा. १५० किंवा ३३० टक्क्यांवर काही पिक्सेल स्क्रीनवर जाड दिसतात, काही बारीक, आणि डोळ्याने मोजताना फसगत होते. मोठं केल्यावर पिक्सेल गुळगुळीत दिसत असतील तर झूमची गुळगुळीत सेटिंग बंद करा. चौकोन कडक दिसायला हवेत. ग्रिड दाखवण्याची सोय असेल तर ग्रिडचं अंतर १ पिक्सेल करून घ्या.

स्क्रीनशॉट मोजताना आणखी एक भानगड असते. डिस्प्लेचं स्केलिंग १५० किंवा २०० टक्क्यांवर असेल तर स्क्रीनशॉटमधले पिक्सेल आणि वेबपेजच्या कोडमधले पिक्सेल एकच नसतात. कोडमधली ७८ पिक्सेलची रेषा २०० टक्क्यांच्या स्क्रीनशॉटमध्ये १५६ भरते. आकडा बरोब्बर दुप्पट किंवा दीडपट आला की पहिला संशय इथेच घ्या. ब्राउझरचा झूमही १०० वर आहे ना तेही बघून घ्या. तो बदललेला असतो आणि लक्षातच राहत नाही.

पायरी २: रेषा खरोखर सरळ आहे का?

टोकांवरून लांबी काढायची तर मधली रेषा सरळच हवी. पिक्सेलच्या जाळीवर सरळपणा डोळ्यांनी ठरवू नका, टप्पे मोजा. एका ओळीत सलग किती पिक्सेल आहेत, मग पुढच्या ओळीत किती, असं लिहीत जा. खऱ्या सरळ रेषेत या टप्प्यांच्या लांबीत जास्तीत जास्त एकाचा फरक असतो. आपल्या रेषेत ७३ पिक्सेल ३१ ओळींत वाटले गेलेत, म्हणून मधले टप्पे २ किंवा ३ पिक्सेलचेच येतात, त्यांची सरमिसळ असते. फक्त दोन्ही टोकांचे टप्पे आखूड असू शकतात, कारण तिथे रेषा मध्येच तुटलेली असते. मध्ये कुठे १ किंवा ४ चा टप्पा दिसला तर तिथे रेषा वाकली आहे. हाताने काढलेल्या पिक्सेल आर्टमध्ये जे खडबडीतपण खुपतं त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

टप्पे असेच का पडतात हे समजून घ्यायला रेषा काढण्याची पद्धत ठाऊक असलेली बरी. जॅक ब्रेसनहॅम यांनी आयबीएममध्ये १९६२ साली ही पद्धत बसवली आणि ती १९६५ साली प्रसिद्ध झाली. ज्या दिशेने रेषा जास्त सरकते त्या दिशेने दर वेळी एक पिक्सेल पुढे जायचं, आणि दुसऱ्या दिशेने एक घर चढायचं की नाही एवढंच ठरवायचं. भागाकार नाही, दशांश नाही, फक्त पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी. म्हणूनच पिक्सेलची संख्या नेहमी ‘मोठा फरक अधिक एक’ इतकी येते: ७२ + १ = ७३.

कोपऱ्याला कोपरा न टेकता कडेला कडच लागेल अशी रेषा काही ठिकाणी काढतात; तिच्यात पिक्सेल जास्त लागतात, ७२ + ३० + १ = १०३. आणि ‘आदर्श रेषा किती चौकोनांना छेदून जाते’ हा प्रश्न आणखी निराळा. गेममध्ये एका जागेवरून दुसरी दिसते का हे तपासताना तो लागतो. रेषा जाळीच्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत जात असेल तर सूत्र सोपं आहे: रुंदी अधिक उंची वजा दोघांचा मसावि. १२ × ८ च्या जाळीत १२ + ८ − ४ = १६ चौकोन.

पायरी ३: टोकांचे निर्देशांक घ्या

बहुतेक चित्रप्रोग्रॅममध्ये शून्यबिंदू डाव्या वरच्या कोपऱ्यात असतो. आडवा आकडा उजवीकडे वाढतो, उभा आकडा खाली वाढतो. शाळेतल्या आलेखाची सवय असेल तर हे उलटं वाटेल. लांबीवर याचा परिणाम नाही, कोनावर मात्र आहे.

पिक्सेल म्हणजे बिंदू नव्हे, चौकोन. (१२, ४०) हा पिक्सेल आडवा १२ ते १३ आणि उभा ४० ते ४१ एवढी जागा व्यापतो, त्याचं केंद्र (१२.५, ४०.५). दोन्ही टोकांना केंद्र धरलं तर अर्धा-अर्धा वजाबाकीत उडून जातो, म्हणून निर्देशांक जसेच्या तसे वापरले तरी चालतं. घोळ होतो तो एका टोकाला केंद्र आणि दुसऱ्या टोकाला कोपरा धरल्यावर. माउसने खेचून मोजताना हे नकळत होतं: सुरुवात पिक्सेलच्या मध्यावर टेकवली जाते आणि शेवट कडेला. दोन्ही टोकांना एकच नियम लावा.

काही प्रोग्रॅम मोजणी ० पासून करतात, काही १ पासून. एकाच प्रोग्रॅममध्ये दोन्ही टोकं वाचली तर फरक पडत नाही. एक टोक एका प्रोग्रॅममधून आणि दुसरं दुसऱ्यातून घेतलं तर पडतो.

कडा गुळगुळीत केलेल्या रेषेत टोक नेमकं कुठे धरायचं? जाड रेषा असेल, म्हणजे तीन-चार पिक्सेल किंवा जास्त, तर तिच्या मध्यातून पुढे जात पिक्सेलची किंमत (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा) वाचा आणि रेषा व पार्श्वभूमी यांच्या निम्म्यावर टोक धरा. पांढऱ्यावर काळी रेषा आहे आणि टोकाकडे किमती ०, ०, ९०, २१०, २५५ अशा जातात असं समजा. निम्मं म्हणजे साधारण १२८, ते ९० आणि २१० च्या मध्ये येतं: (१२८ − ९०) ÷ (२१० − ९०) = ०.३२. म्हणजे ९० च्या पिक्सेलच्या केंद्रापासून पुढे ०.३२ घर. ते घर आडवं असेल तर १ पिक्सेलचं, कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे असेल तर १.४१ चं.

बारीक रेषेत दर स्तंभात दोन पिक्सेल मिळून काळेपणा वाटून घेतात. शाओलिन वू यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या पद्धतीत हेच होतं. तिथे काळेपणाच्या (२५५ वजा पिक्सेलची किंमत) वजनाने सरासरी काढा. एका स्तंभात २५ व्या ओळीतल्या पिक्सेलचा काळेपणा ८० आणि २६ व्या ओळीतल्याचा १७५ असेल, तर रेषा २५ + १७५ ÷ २५५ = २५.६९ वर आहे. प्रोग्रॅमने रंग मिसळताना प्रकाशाचा हिशेब धरला असेल तर निम्मी झाकलेली जागा १२८ ऐवजी १८८ च्या आसपास दिसते. तेव्हा निम्मं म्हणजे १२८ हे डोळे झाकून धरू नका. त्याच चित्रातली निम्मी झाकलेली एखादी कड शोधून खात्री करा.

पायरी ४: वजाबाकी, वर्ग, वर्गमूळ

आडवा फरक ‘आ’ म्हणू, उभा ‘उ’. ऋण चिन्ह सोडून द्या.

आ = ८४ − १२ = ७२
उ = ४० − १० = ३०
लांबी = √(आ² + उ²) = √(५१८४ + ९००) = √६०८४ = ७८

बाहेरून बाहेरचा विस्तार हवा असेल तर वर्ग करण्याआधी दोन्ही फरकांत एक-एक मिळवा: √(७३² + ३१²) = √६२९० = ७९.३१. शेवटच्या उत्तरात १ मिळवणं चूक आहे, ७८ चे ७९ होत नाहीत. वाढ आडवी आणि उभी अशी दोन्ही बाजूंनी होते आणि तिरक्या दिशेला तिचा जेवढा वाटा पडतो तेवढाच लांबीत येतो.

कॅलक्युलेटर हाताशी नसेल तर मोठ्या फरकाचे ०.९६ पट आणि लहान फरकाचे ०.४ पट घेऊन बेरीज करा. चूक ४ टक्क्यांच्या आसपासच राहते, कोन कोणताही असो. आपल्या रेषेला ६९.१२ + १२ = ८१.१२ येतं, खरं ७८. अंदाजाला पुरेसं, मापाला नाही.

पिक्सेल आर्टमध्ये ठरावीक उतार पुन्हा पुन्हा येतात, त्यांचे गुणक पाठ असले की काम झटपट होतं. एकास एक उताराला दर आडव्या पिक्सेलमागे १.४१४, दोनास एक उताराला १.११८, तीनास एक उताराला १.०५४, चारास एक उताराला १.०३१. यातला दोनास एक सर्वात जास्त वापरात आहे, कारण ज्याला गेमवाले आयसोमेट्रिक म्हणतात ती, तिरकस वरून पाहिल्यासारखी दिसणारी रचना याच उतारावर उभी असते. खऱ्या आयसोमेट्रिकमध्ये कोन ३० अंशांचा असतो. दोनास एक उताराचा २६.५७ अंश भरतो. ६४ × ३२ च्या फरशीची एक कड म्हणजे ३२ आडवे, १६ उभे, लांबी ३५.७८. फरशीचं चित्र ३० अंशांच्या तांत्रिक आराखड्यावर ठेवून जुळवायला गेलात तर दोन्ही कधीच बसणार नाहीत.

पायऱ्या मोजण्याचा मोह

जिन्यावर सतरंजी अंथरायची तर प्रत्येक पायरीचा सपाट भाग आणि उभा भाग दोन्ही मोजावे लागतात. त्याच जिन्यावर टेकवलेल्या काठीची लांबी त्याहून कमी असते. आपल्याला काठी हवी आहे. पिक्सेलच्या कडेकडेने चालत बेरीज केली तर ७२ + ३० = १०२ येतात, म्हणजे सतरंजीचं माप.

‘रिझोल्यूशन वाढवलं की पायऱ्या बारीक होतील आणि चूक आपोआप जाईल’ असा समज सरसकट आढळतो. तो चुकीचा आहे, आणि का चुकीचा ते एकदा नीट बघायला हवं. जाळी दहापट बारीक केली की पायऱ्या दहापट होतात, प्रत्येक पायरी दशांश आकाराची होते आणि बेरीज तीच राहते. आ ७२० आणि उ ३०० झाला. बेरीज १०२०, खरी लांबी ७८०, गुणोत्तर जसंच्या तसं. ४५ अंशाच्या रेषेत ही चूक ४१.४ टक्के असते, मग जाळी कितीही बारीक असो. डोळ्याला रेषा गुळगुळीत दिसू लागते, बेरीज सुधारत नाही.

यावर उपाय म्हणून सरळ पायरीला १ आणि कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे जाणाऱ्या पायरीला १.४१४ धरतात. पिक्सेलच्या साखळीला आठ दिशांचे अंक द्यायची ही रीत हर्बर्ट फ्रीमन यांनी १९६१ मध्ये मांडली. आपल्या रेषेत ३० तिरक्या पायऱ्या आहेत आणि ४२ सरळ: ४२ + ३० × १.४१४ = ८४.४३. खऱ्या ७८ पेक्षा ८.२ टक्के जास्त. २२.५ अंशाजवळ ही चूक सर्वाधिक असते, आणि आपली रेषा मुद्दामच त्याच्या जवळची घेतली आहे. शून्य आणि ४५ अंशांवर ही पद्धत बिनचूक चालते, म्हणून तेवढ्यावर तपासून पाहणाऱ्याला ती खरी वाटते.

सरळ रेषेला या सगळ्याची गरजच नाही, दोन टोकं पुरेत. पण वळणदार रेषा, पेशीची कड, नकाशावरची नदी अशा ठिकाणी टोकांवरून लांबी निघत नाही आणि पायऱ्यांना पर्याय नसतो. तेव्हा सुधारलेले गुणक वापरा. सरळ पायरीला ०.९४८, तिरक्या पायरीला १.३४० धरलं तर आपल्या रेषेचे ८०.०२ होतात, चूक २.६ टक्क्यांवर येते. मात्र अगदी आडव्या किंवा ४५ अंशाच्या भागात हे गुणक ५ टक्के कमी दाखवतात. त्याहून चांगले गुणक फोसपूल आणि स्मोल्डर्स यांनी १९८२ मध्ये दिले: सरळ पायऱ्या × ०.९८०, तिरक्या पायऱ्या × १.४०६, आणि दिशा जितक्या वेळा बदलली तितके ०.०९१ वजा. आपल्या रेषेत दिशा ६० वेळा बदलते. ४१.१६ + ४२.१८ − ५.४६ = ७७.८८. खऱ्या मापाच्या इतकं जवळ यायला फक्त ‘किती वेळा बदलली’ एवढी एक जास्तीची मोजणी लागली. वळणं मोजायची असतील तर हेच वापरा.

पायरी ५: कोन

कोन काढायला उभा फरक भागिले आडवा फरक, त्याचा व्यस्त टॅन. ३० ÷ ७२ चा व्यस्त टॅन २२.६२ अंश. रेषा अगदी उभी असेल तर आडवा फरक शून्य होतो आणि भागाकार अडतो, म्हणून प्रोग्रॅममध्ये एटॅन२ हे फंक्शन वापरतात. इथे दोन खाचा आहेत. बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये एटॅन२ ला आधी उभा फरक द्यावा लागतो, मग आडवा. एक्सेलमध्ये क्रम उलटा, आधी आडवा. अदलाबदल झाली तर २२.६२ ऐवजी ६७.३८ येतात, आणि ४५ अंशाच्या रेषेवर तपासलं तर चूक दिसतच नाही. दुसरी खाच उभ्या अक्षाची: चित्रात आकडे खाली वाढत असल्याने वर चढणाऱ्या रेषेचा कोन ऋण येतो. उभ्या फरकाचं चिन्ह उलटवून मगच फंक्शनला द्या.

आखूड रेषेचा कोन फार विश्वासाने सांगू नका. टोक एका पिक्सेलने सरकलं तर १० पिक्सेलच्या रेषेचा कोन ५.७ अंशांपर्यंत बदलतो, १०० पिक्सेलच्या रेषेचा ०.५७ अंश. अर्धा अंश अचूकता हवी असेल तर शंभराहून लांब रेषा लागणारच.

पायरी ६: चुकीची मर्यादा लिहा

टोक पूर्ण पिक्सेलवर वाचलं की प्रत्येक दिशेत अर्ध्या पिक्सेलपर्यंत चूक असू शकते. दोन टोकांची मिळून लांबीतली प्रमाण चूक (एरवी जेवढी चूक अपेक्षित असते ती) साधारण ०.४१ पिक्सेल भरते, रेषेची दिशा कोणतीही असो. सर्वात वाईट परिस्थिती मात्र दिशेवर अवलंबून असते: आडव्या रेषेत १ पिक्सेल, ४५ अंशाच्या रेषेत १.४१. लांबी वाढली तरी ही चूक पिक्सेलमध्ये तेवढीच राहते, म्हणून २० पिक्सेलच्या रेषेत ती २ टक्के आणि २०० पिक्सेलच्या रेषेत ०.२ टक्के होते. ७८.००० असं तीन दशांशांपर्यंत लिहिणं म्हणजे नसलेली अचूकता दाखवणं. ‘७८ पिक्सेल, केंद्र ते केंद्र, अधिक-उणे अर्धा’ एवढं लिहिलं की वाचणाऱ्याला सगळं कळतं.

मिलिमीटरमध्ये उतरवताना

स्कॅन असेल तर सोपं. २५.४ भागिले डीपीआय (एका इंचात किती पिक्सेल) म्हणजे एका पिक्सेलचे मिलिमीटर. ३०० डीपीआयला ०.०८४७, म्हणजे ७८ पिक्सेलचे ६.६० मिमी. फोटोत डीपीआयचा आकडा फाइलमध्ये असला तरी त्याला अर्थ नसतो. वस्तूशेजारी त्याच प्रतलात पट्टी ठेवलेली असेल तरच माप निघतं. पट्टी पुढे आणि वस्तू मागे असेल तर उत्तर चुकणार.

सूक्ष्मदर्शकाची चित्रं किंवा पट्टीसह फोटो मोजायला इमेजजे हा प्रोग्रॅम चांगला. ठाऊक अंतरावर सरळ रेषा ओढा, ॲनालाइझ मेन्यूतल्या सेट स्केलमध्ये ते अंतर आणि एकक भरा, मग हवी ती रेषा ओढून एम दाबा. गिंप या चित्रप्रोग्रॅममध्ये मेजर टूल आहे; ते अंतर आणि कोन दोन्ही दाखवतं. कोणतंही साधन पहिल्यांदा वापरताना (१०, १०) ते (४०, ५०) ही रेषा मोजून बघा. ५० आलं तर साधन केंद्र ते केंद्र मोजतंय. ५१.४० च्या आसपास आलं तर टोकांच्या पिक्सेलचे बाहेरचे कोपरे धरले गेलेत.

मॉनिटरवरची लांबी हवी असेल तर आधी घनता काढा. २४ इंची १९२० × १०८० मॉनिटरचा कर्ण २२०२.९ पिक्सेल, म्हणजे इंचाला ९१.८. त्यावर ७८ पिक्सेल म्हणजे २१.६ मिमी. वेबवर १ इंच = ९६ पिक्सेल धरतात, पण तो ठरवून घेतलेला आकडा आहे; स्क्रीनवर पट्टी ठेवली तर तो क्वचितच जुळतो.

पिक्सेल चौकोनी नसतील तर तिरक्या रेषेचं सगळंच बदलतं. जुन्या खेळांचं ३२० × २०० चं चित्र ४:३ च्या पडद्यावर भरून दिसायचं, त्यामुळे पिक्सेलची उंची रुंदीच्या १.२ पट असायची. उभा फरक वर्ग करण्याआधी १.२ ने गुणावा लागतो. आपली रेषा अशा पडद्यावर असेल तर उ ३६ होतो, लांबी √६४८० = ८०.५० आणि कोन २२.६२ वरून २६.५७. उत्तराला शेवटी १.२ ने गुणून चालत नाही.

तिरक्या रेषेची जाडी

जाडी रेषेला काटकोनात मोजायची असते आणि जाळीवर काटकोनात मोजता येत नाही. मग उभ्या स्तंभात किती पिक्सेल सलग भरलेत ते मोजा आणि आडवा फरक भागिले लांबी याने गुणा. आपली रेषा जाड काढली आणि स्तंभात ५ पिक्सेल भरले, तर जाडी ५ × ७२ ÷ ७८ = ४.६२. पडताळा म्हणून ओळीतले सलग पिक्सेल मोजा. ते १२ च्या आसपास असायला हवेत, कारण १२ × ३० ÷ ७८ हेही ४.६२ च. दोन्ही उत्तरं जुळली नाहीत तर कोन चुकलाय. एक पिक्सेलची ४५ अंशाची रेषा या हिशेबाने ०.७१ जाडीचीच असते, म्हणून ती शेजारच्या आडव्या रेषेपेक्षा फिकी दिसते. चित्रात काही बिघडलेलं नसतं.

आकडा पटत नसेल तर

आलेला आकडा अपेक्षित आकड्याने भागा. गुणोत्तरच बहुतेक वेळा चोर पकडून देतं.

४५ अंशाजवळच्या रेषेत १.४१ पट जास्त आलं तर कडेकडेने पायऱ्या मोजल्या आहेत. तशाच रेषेत ०.७१ पट आलं तर नुसते पिक्सेल मोजलेत. २२ अंशांच्या आसपास ८ टक्के जास्त येत असेल तर तिरक्या पायरीचे १.४१४ धरणारी बेरीज कुठेतरी कोडमध्ये बसली आहे. बरोब्बर १.२५, १.५ किंवा २ पट म्हणजे स्क्रीनचं स्केलिंग. फरक गुणोत्तरात न बसता नेहमी अर्ध्या-पाऊण पिक्सेलचाच येत असेल, रेषा लांब असो की आखूड, तर एका टोकाला केंद्र आणि दुसऱ्याला कड धरली जातेय. आणि आडव्या रेषा बरोबर, उभ्या रेषा बरोबर पण एकमेकींशी न जुळणाऱ्या, तिरक्या कोनानुसार कमी-जास्त, असं दिसलं तर पिक्सेल चौकोनी नाहीत: चित्रातलं एक वर्तुळ शोधा, त्याची उंची आणि रुंदी पिक्सेलमध्ये मोजा, आणि रुंदी भागिले उंची हा गुणक उभ्या फरकाला लावून पायरी ४ पासून पुन्हा मोजा.